ऊसबिलावर कर नाही, पण हिशेब हवाच



लागणीच्या नोंदीसाठी गटात फिरताना अलीकडे एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो : "साहेब, आमच्या ऊसबिलावर इन्कम टॅक्स बसतो काय ?" याचे एका शब्दात उत्तर 'नाही' असे आहे. परंतु तेवढ्या एका शब्दावर विसंबून आपले काही सभासद अडचणीत आले, म्हणून हा लेखनप्रपंच. आम्ही काही कर सल्लागार नव्हे, शेतकी खात्यातली माणसे. पण लागण नोंद, वजनपावती आणि ऊसबिल हे पुराव्याचे कागद आमच्याच खात्यातून जातात. तेव्हा दोन गोष्टी सांगणे आमचे काम आहे.

शेतीचे उत्पन्न कोणते ?

१९६१ च्या आयकर कायद्याने शेतीचे उत्पन्न करमुक्त ठेवले. २०२५ साली मंजूर झालेल्या व १ एप्रिल २०२६ पासून अंमल ठरलेल्या नव्या कायद्यातही ही सवलत कायम आहे. आपल्या रानातला ऊस कारखान्यास घातला की त्याचा दर, मग तो पहिला हप्ता असो की शेवटचा, शेतीचेच उत्पन्न होय. रान कसायला खंडाने दिले तर तो खंडही शेतीत मोडतो. उसाची रोपवाटिका करणाऱ्यांना २००८ च्या वित्त कायद्याने दिलासा दिला. रोपांच्या विक्रीचे उत्पन्न आता शेतीचेच मानतात.

आता दुसरी बाजू पाहा. दूधधंदा, कोंबडीपालन, भाड्याने फिरणारा ट्रॅक्टर, तोडणी-वाहतुकीचा ठेका, ही शेतीची कामे वाटली तरी कायद्याच्या दृष्टीने धंदा आहे. गुऱ्हाळाचे गणित जरा वेगळे. उसाला तसाच बाजार आहे, म्हणून उसाच्या बाजारभावाइतकी रक्कम शेतीची आणि गूळ करून वर राहिलेला नफा धंद्याचा. ठेवींवरील व्याज व भागावरील लाभांश ऊसबिलाच्याच खात्यावर जमा झाला, तरी तो शेतीचा होत नाही. पासबुकात या रकमांपुढे पेन्सिलीने खूण करून ठेवा, वर्षअखेरीस डोकेदुखी वाचेल.

घरात पगारही आणि ऊसही

निव्वळ शेतीच असेल तर बहुतेकांना विवरणपत्र भरावे लागत नाही. खरा घोटाळा होतो तो मास्तर, ग्रामसेवक, दुकानदार अशा सभासदांचा. डॉ. के. एन. राज यांच्या समितीने १९७२ साली शिफारस केली आणि १९७३ च्या वित्त कायद्याने एक रीत सुरू झाली. शेतीचे उत्पन्न पाच हजारांवर आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेवर असेल, तर शेतीचे उत्पन्न कर ठरवण्यापुरते त्यात मिळवायचे. शेतीवर कर नाही, पण इतर उत्पन्न वरच्या दराच्या पायरीवर जाते.

२०२५-२६ या आर्थिक वर्षाचे नव्या करप्रणालीतले उदाहरण घेऊ. चार लाखांपर्यंत कर नाही, चार ते आठ लाखांवर ५ टक्के, आठ ते बारावर १० टक्के, बारा ते सोळावर १५ टक्के. समजा, वजावटीनंतरचा पगार १० लाख आणि शेतीचे निव्वळ उत्पन्न ५ लाख आहे.

एक : दोन्ही मिळून १५ लाख, त्यावर कर १,०५,००० रुपये.
दोन : शेतीचे ५ लाख अधिक करमुक्त ४ लाख, म्हणजे ९ लाख, त्यावर कर ३०,००० रुपये.
तीन : पहिल्यातून दुसरा वजा केला, राहिले ७५,००० रुपये.
चार : बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला मिळणारी करसूट जास्तीत जास्त ६०,००० रुपये. ती वजा जाता १५,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर, एकूण १५,६०० रुपये.

"बारा लाखांपर्यंत कर नाही" असे ऐकून गुरुजी निर्धास्त असतात. कार्यालयाला त्यांचा ऊस ठाऊक नसतो, म्हणून पगारातूनही हा कर कापला जात नाही. मग नोटीस आली की धावपळ. मात्र पगार ६ लाख आणि शेती ४ लाख असेल, तर याच रीतीने कर २०,००० येतो आणि करसुटीत तो सगळा जातो. तरीही विवरणपत्र भरावेच लागते, ही गोष्ट विसरू नये.

अशा सभासदांकडून आणखी एक चूक होते. 'सहज' हा सोपा नमुना शेतीचे उत्पन्न पाच हजारांपर्यंत असेल तरच चालतो. त्यावर असेल तर पगारदारांनी नमुना दोन, धंदा असणाऱ्यांनी नमुना तीन भरावा. शेतीचे उत्पन्न पाच लाखांवर गेले तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र, मालकीची की खंडाची, बागायत की जिरायत हेही लिहावे लागते. आणि उत्पन्न म्हणजे ऊसबिलाचा सगळा आकडा नव्हे. बेणे, खते, मजुरी, पाणीपट्टी वजा जाऊन राहते ते उत्पन्न. दुकानाच्या पावत्या जपून ठेवायच्या त्या यासाठी.

ज्याचे रान, त्याचीच नोंद

हे मात्र मनावर घ्या. सोसायटीची वसुली चुकवायची म्हणून, कुठे साखरेच्या सवलतीसाठी, आपला ऊस मेहुण्याच्या किंवा मित्राच्या नावावर घालण्याची खोड काहींना आहे. गेल्या साली एक सभासद आमच्या गट कार्यालयात आले. भिडेखातर त्यांनी दुसऱ्याचा ऊस आपल्या नावे नोंदवू दिला होता. बिल यांच्या खात्यावर आले, ते काढून यांनी त्या गृहस्थाला रोख दिले. पुढे जमा रकमेचा खुलासा मागणारी नोटीस यांच्या नावे आली. सातबारावर यांचे रान अवघे वीस गुंठे, आणि बिल दीडशे टनांचे ! सांगणार काय ? पैसा दुसऱ्याने खर्चला, हेलपाटे यांनी घातले. जमीन खंडाने केली असेल तर कागद करा. भाऊ-भाऊ वेगळे असाल तर नोंदही आपापल्या क्षेत्राची द्या.

कापलेला कर सोडू नका

तोडणी-वाहतूक ठेकेदारांच्या बिलातून साधारण एक टक्का कर उगमीच कापला जातो. तो सरकारात आपल्या पॅन क्रमांकावर जमा असतो. आपल्यावर कर बसत नसेल तर तो परत मिळतो, पण विवरणपत्र भरले तरच. आमच्या माहितीतल्या एका ठेकेदाराचे दोन हंगामांचे अठरा हजार केवळ कंटाळ्यापायी राहिले. अठरा हजारांत एका बैलाचे हंगामाचे वैरण-पेंड निघते ! शिवाय वर्षात २५ हजार किंवा जास्त कर कापला गेला असेल, किंवा वीजबिल एक लाखावर गेले असेल, तर उत्पन्न कमी असले तरी विवरणपत्र भरावे लागते. ज्येष्ठ नागरिकांना कापलेल्या कराची ही मर्यादा ५० हजार आहे.

पगारदारांची मुदत एरवी ३१ जुलै असते. मुदत हुकली तरी ३१ डिसेंबरपर्यंत उशिरा भरता येते, पण उत्पन्न करपात्र असल्यास १ हजार किंवा ५ हजार फी पडते. भरल्यावर तीस दिवसांत आधारच्या ओटीपीने पडताळणी करा, नाहीतर भरलेले न भरल्यासारखेच होते.

तेव्हा बंधूंनो, सातबारा, आठ अ, ऊसबिले, खतांच्या पावत्या आणि पासबुक एका पिशवीत ठेवा आणि जाणत्या कर सल्लागाराकडे जा. ऊसबिलाची नक्कल हरवली असेल तर गट कार्यालयात या, आम्ही काढून देऊ. मात्र नोंदीला नाव बदलून मागू नका. ते आम्ही करणार नाही, आणि त्यात आपलेच हित आहे.

— ऊस विकास अधिकारी