वराह-आहार

मांसोत्पादनासाठी पाळलेल्या डुकरांना वय, वजन व शारीरिक अवस्था यांनुसार द्यावयाचा संतुलित आहार. वराहपालनाच्या एकूण खर्चापैकी सु. ६० ते ७५ टक्के खर्च खाद्यावर होतो. त्यामुळे या व्यवसायातील नफा-तोटा मुख्यत्वे आहारावरच ठरतो.

डुक्कर हा सर्वभक्षी पण एकजठरी प्राणी आहे. रवंथ करणाऱ्या जनावरांप्रमाणे त्याला कडबा, गवत असे तंतुमय पदार्थ फारसे पचवता येत नाहीत. केवळ धान्यावर पोसल्यास तो माणसाच्या अन्नातील वाटेकरी होतो. म्हणून मका, ज्वारी इ. धान्यांसोबत भाताचा व गव्हाचा कोंडा, पेंड, मळी यांसारखे दुय्यम पदार्थ योग्य प्रमाणात वापरतात.

प्रथिने : डुकराची प्रथिनांची गरज म्हणजे वस्तुतः ॲमिनो अम्लांची गरज होय. मक्यात लायसीन व ट्रिप्टोफेन ही अत्यावश्यक अम्ले कमी असतात. एक अम्ल अपुरे पडले, तर इतर अम्लांचाही मांसनिर्मितीसाठी पूर्ण उपयोग होत नाही आणि त्यांतील नायट्रोजन मूत्रावाटे वाया जातो. ही उणीव सोयाबीन पेंड किंवा मासळीची कुटी यांनी भरून काढतात. कच्च्या सोयाबिनात प्रथिनांच्या पचनाला अडथळा आणणारी द्रव्ये असल्याने ते उष्णता देऊनच वापरतात. बुरशी आलेली भुईमुगाची पेंड अफ्लाटॉक्सिनामुळे विषारी ठरते.

अवस्थेनुसार आहार : नवजात पिलांना पहिल्या काही तासांतच चीक मिळणे आवश्यक असते, कारण रोगप्रतिकारक प्रतिपिंडे त्यांना वारेतून मिळत नाहीत. पिलांना रोज सु. ७ मिग्रॅ. लोह लागते, आईच्या दुधातून मात्र जेमतेम १ मिग्रॅ. मिळते. फरसबंद गोठ्यातील पिलांना मातीतूनही लोह मिळत नसल्याने त्यांना रक्तक्षय होतो. तो टाळण्यासाठी पहिल्या तीन-चार दिवसांत लोहाचे अंतःक्षेपण (इंजेक्शन) करतात. दुसऱ्या आठवड्यापासून पिलांना पचण्यास हलके पूरक खाद्य देऊ लागतात, त्यात सु. २० टक्के प्रथिने असतात. वाढत्या डुकरांच्या खाद्यात हे प्रमाण सु. १८ व विक्रीपूर्व काळात सु. १६ टक्के ठेवतात. गाभण मादीला रोज २ ते २·५ किग्रॅ. खाद्य पुरते, ते जास्त दिल्यास ती फाजील लठ्ठ होते. दूध पाजणाऱ्या मादीचे खाद्य पिलांच्या संख्येनुसार वाढवितात. स्वच्छ पाणी सतत उपलब्ध असावे लागते.

खरकटे : हॉटेले व वसतिगृहे यांतील खरकट्यामुळे खर्च बराच कमी होतो; परंतु त्यात पाण्याचे प्रमाण जास्त व पोषणमूल्य अनिश्चित असते. मांसाचे अवशेष असलेले न शिजविलेले खरकटे रोगप्रसाराचे साधन ठरते. आफ्रिकी वराहज्वराचे विषाणू गोठविलेल्या वा खारविलेल्या मांसातही दीर्घकाळ टिकतात. भारतात हा रोग २०२० मध्ये प्रथम आसाम व अरुणाचल प्रदेश येथे आढळला. त्यावर उपचार नाही व मृत्यूचे प्रमाण फार मोठे असते. ब्रिटनमध्ये २००१ मधील लाळ-खुरकूत रोगाच्या साथीनंतर खरकटे चारण्यास बंदी घालण्यात आली. जेथे ते वापरले जाते, तेथे सतत ढवळत किमान एक तास ९०° से. तापमानात शिजविणे व डुकराचे मांस त्यातून वगळणे इष्ट असते. लहान पालकाचा सर्व कळप एका साथीत नष्ट होऊ शकत असल्याने, इंधनाचा हा खर्च खाद्याच्या हिशेबातच धरावा लागतो.