लाखाचा डॅक घ्यावा का?

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

अंबाजोगाईला गाणं ऐकणाऱ्यांची वाण कधी पडली नाही. मुकुंदराज आणि दासोपंतांच्या या गावात देवळातलं भजन-कीर्तन तर आहेच. शिवाय यशवंतराव चव्हाण स्मृती समारोहात शास्त्रीय गायन-वादन समोर बसून ऐकलेले आणि त्याची गोडी लागलेले कितीतरी श्रोते इथं आहेत. अशा रसिकांच्या घरात आधी रेडिओ आला, मग टेपरेकॉर्डर, मग सीडी प्लेअर. आता सगळं गाणं मोबाईलमध्ये आणि कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसलं आहे. मुलं मार्गाला लागलेली असतात, निवृत्तीचे पैसे हाती आलेले असतात, आणि इतकी वर्षं मागे ठेवलेली हौस डोकं वर काढते. आता तरी चांगल्या यंत्रावर निवांत गाणं ऐकावं! चौकशी सुरू केली की दोन-चार वाक्यांतच एक शब्द कानावर पडतो, तो म्हणजे 'डॅक'. एक डॅक दहा हजारांना मिळतो, दुसरा तीन लाखांना. दोन्हींचं काम एकच. मग तीस पट पैसे मोजले, तर षड्ज तीस पट चांगला लागतो का?

प्रश्न साधा आहे, पण त्यात कष्टाचे पैसे गुंतलेले आहेत. म्हणून तो नीट समजून घेतला पाहिजे.

आकड्यांचा सूर कसा होतो?

डॅक म्हणजे डिजिटल टू ॲनालॉग कन्व्हर्टर. आकड्यांचं पुन्हा विजेच्या लहरीत रूपांतर करणारं यंत्र. आवाज ही हवेतली लहर. मायक्रोफोन तिची विजेची लहर करतो. सीडी तयार करताना या लहरीची उंची एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजतात आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर बसवतात. डाव्या-उजव्या दोन्ही बाजू धरल्या, तर तासाभराच्या रागात असे ३१ कोटींहून अधिक आकडे होतात. स्पीकरला मात्र आकडे कळत नाहीत, त्याला लहरच लागते. ती लहर परत उभी करण्याचं काम डॅक करतो.

इथं एक गैरसमज फार पसरलेला आहे. आकडे तुटक असतात, तेव्हा आवाजही जिन्याच्या पायऱ्यांसारखा तुटक होत असणार, आणि महाग डॅक या पायऱ्या घासून गुळगुळीत करत असणार, असं पुष्कळांना वाटतं. ते खरं नाही. ठिपक्यांची रांगोळी आठवा. अंगणात ठिपके घातले, की ते जोडण्याच्या अनेक तऱ्हा असतात. पण समजा, अट घातली की रेघेला ठराविक मर्यादेपेक्षा जास्त वेगानं वळण घेता येणार नाही, आणि त्या मानानं ठिपके पुरेसे दाट आहेत, तर ते सगळे ठिपके जोडणारी रेघ एकच निघते. दुसरी निघूच शकत नाही. १९२८ मध्ये नायक्विस्ट आणि १९४९ मध्ये शॅनन यांनी मांडलेल्या गणिताचा हा गाभा आहे. माणसाच्या कानाची वरची मर्यादा तरुणपणी सुमारे २०,००० हर्ट्झ. तिच्या दुपटीहून थोडी अधिक मापं सेकंदाला घेतली, की त्या मर्यादेतली लहर जशीच्या तशी परत मिळते. म्हणून ४४,१०० हा आकडा.

म्हणजे डॅक सुरात काही भर घालत नाही. ठिपक्यांत दडलेली रेघ बिनचूक काढणं एवढंच त्याचं काम. तेव्हा चांगला डॅक कोणता? ज्याचं अस्तित्व जाणवत नाही, तो.

दोन पद्धती

पहिली सीडी १९८२ साली जपानमध्ये बाजारात आली. त्या वेळी ही रेघ बिनचूक काढणं खरोखरच अवघड होतं. फिलिप्सच्या सुरुवातीच्या चिपा १४ बिटांच्या होत्या; चौपट वेगानं काम करून त्या उणीव भरून काढत.

डॅक बनवण्याच्या मुख्य पद्धती दोन. पहिली शिडीची. त्यात दोनच मूल्यांचे रेझिस्टर शिडीसारखे जोडतात आणि प्रत्येक बिट आपापल्या वजनाचा व्होल्टेज देतो. कल्पना सोपी, पण सर्वांत वजनदार पायरीवरच्या रेझिस्टरमध्ये पासष्ट हजारांत एक भागाइतकी चूकही चालत नाही. असे रेझिस्टर निवडून जुळवायचे म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही लागतात. दुसरी पद्धत डेल्टा-सिग्मा. तिच्यात पायऱ्या थोड्याच असतात, पण त्या अतिशय वेगानं बदलतात, आणि होणारा गोंगाट कानाच्या मर्यादेपलीकडे ढकलून गाळून टाकतात. ही पद्धत एका छोट्या चिपेत बसते आणि कारखान्यात लाखोंनी तयार होते. त्यामुळे एकेकाळी महागड्या यंत्रांतही दुर्मीळ असलेली अचूकता आज फोनला लावायच्या हजारएक रुपयांच्या जोडणीतही मिळते.

मग तीन लाख कशाचे? मोठा वीजपुरवठा, अचूक घड्याळ, जाड ॲल्युमिनियमची पेटी, थोड्याच नगांचं उत्पादन, आयात शुल्क आणि विक्रेत्याचा वाटा. इंग्लंडच्या कॉर्ड किंवा डीसीएस या कंपन्या बाजारातली चिप न वापरता स्वतःची रचना करतात. त्यामागची कारागिरी खरी आहे, तिचा मान ठेवावा. पण कारागिरी किती आहे हा एक प्रश्न आणि कानाला फरक किती कळतो हा दुसरा. दोन्हींची गल्लत करू नये.

कानाची परीक्षा

अमेरिकेत मेयर आणि मोरन यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. उच्च दर्जाच्या सुपर ऑडिओ सीडीचा आवाज एकदा थेट ऐकवायचा, आणि एकदा मधे साध्या सीडीच्या मापाचं रूपांतर करणारं यंत्र घालून ऐकवायचा. कोणता कोणता, हे ऐकणाऱ्याला सांगायचं नाही. ५५४ वेळा विचारलं, २७६ उत्तरं बरोबर आली. छापा-काटा केला असता तरी एवढीच आली असती! पुढे २०१६ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या जोशुआ रीस यांनी १८ प्रयोग एकत्र करून पाहिले. बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. शिकवून तयार केलेल्या श्रोत्यांत ते आणखी वर गेलं. म्हणजे फरक शून्य आहे असं म्हणता येत नाही, पण तो इतका बारीक आहे की त्यासाठी कान, खोली आणि बाकीचं सगळं साहित्य उत्तम हवं.

आता आपली खोली पाहू. मराठवाड्याचा उन्हाळा, पंखा लावल्याशिवाय बसवत नाही. पंखा जोरात फिरत असला की खोलीत सुमारे ४५ डेसिबलचा आवाज आधीच असतो. साध्या सीडीत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर ९६ डेसिबलचं. पंख्याच्या वर हे सगळं अंतर ऐकायचं म्हटलं तर आवाज १४० डेसिबलवर न्यावा लागेल, आणि १२०-१३० लाच कान दुखू लागतात. म्हणजे साध्या सीडीतलं सगळंसुद्धा आपण त्या खोलीत ऐकू शकत नाही. मग ३२ बिटांची जाहिरात कुणासाठी?

दुसरी तुलना स्पीकरची. बऱ्यापैकी डॅकमध्ये आवाजाची विकृती लाखात एक भाग किंवा त्याहून कमी असते. चांगल्या स्पीकरमध्येही खर्जाच्या सुरांवर ती शंभरात एक भागाच्या आसपास जाते. हजार पटींचा फरक! साखळीतला कच्चा दुवा कोणता, हे यावरून कळतं.

तिसरी गोष्ट वयाची. साठीच्या आसपास बहुतेकांना बारा-तेरा हजार हर्ट्झच्या वरचं फारसं ऐकू येत नाही. मोठी खरेदी करण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून एकदा श्रवणचाचणी करून घ्यावी. तिचा खर्च कुठल्याही डॅकपेक्षा कमी आहे.

आणि मूळ मुद्रण? गौहरजान यांची पहिली ध्वनिमुद्रिका १९०२ ची, जेमतेम तीन मिनिटांची, भोंग्यासमोर गाऊन केलेली. त्या मुद्रणात जे उतरलंच नाही, ते कुठलाही डॅक आणू शकत नाही. दाबून लहान केलेल्या एमपीथ्री फाईलचंही तसंच. गेलेलं परत येत नाही. म्हणून आधी मूळ मुद्रण चांगलं मिळवावं.

घ्यायचा ठरला तर

डॅक प्रत्येक फोनमध्ये, टीव्हीत आणि सीडी प्लेअरमध्ये आधीच असतो. वेगळा घ्यावा तो कारण असेल तर. कॉम्प्युटरमधून खरखर येते, ॲम्प्लिफायरला डिजिटल जोडणी नाही किंवा जुन्या सीडी प्लेअरचा डॅक बिघडला आहे, ही खरी कारणं. ब्लूटूथ स्पीकरवर ऐकणार असाल तर बाहेरचा डॅक मधे येतच नाही; स्पीकरच्या पोटातला डॅकच काम करतो.

आपलं गाणं कुठून येतं, ते आधी लिहून काढा. कॉम्प्युटर आणि फोनसाठी यूएसबी, टीव्हीसाठी ऑप्टिकल, जुन्या सीडी प्लेअरसाठी कोॲक्सिअल. या जागा डॅकवर हव्यातच. आपल्याकडे अनेक घरांतलं अर्थिंग भरवशाचं नसतं. त्यामुळे यंत्रं एकमेकांना जोडली की स्पीकरमधून 'हूं' असा आवाज येतो. ऑप्टिकल केबलमधून वीज वाहत नाही, फक्त प्रकाश जातो. त्यामुळे त्या जोडणीतून ही घरघर शिरत नाही. जुन्या पद्धतीच्या इन्व्हर्टरवर वीज असतानाही घरघर वाढते. आधी वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यावं. पुष्कळदा तेवढ्यानंच 'नवा डॅक' घेतल्यासारखं वाटतं.

कागदावरचा एकच आकडा विचारावा. गोंगाट आणि विकृती मूळ सुरापेक्षा किती डेसिबलनं खाली आहेत? शंभरच्या पुढे असेल तर घरासाठी भरपूर झालं, आणि दहा-पंधरा हजारांतले अनेक डॅक आज त्याच्या पुढे आहेत. ७६८ किलोहर्ट्झ वगैरे आकड्यांसाठी जादा पैसे देऊ नयेत. त्यापेक्षा विचारावं, की बिघडला तर दुरुस्ती कुठे होईल? पुण्या-मुंबईला पाठवावा लागेल का? पसंत पडला नाही तर परत घेणार का?

दोन डॅकची तुलना घरीच करता येते. मात्र आवाजाची पातळी सारखी करून घ्या, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच 'जास्त चांगला' वाटतो. १०० हर्ट्झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरनं व्होल्टेज मोजा. दोन्हींत एका टक्क्याहून जास्त फरक नको. मग घरातल्या कुणाला तरी नाणं उडवून, तुमच्या नकळत डॅक बदलायला सांगा. असं १६ वेळा करा. बारा किंवा जास्त उत्तरं बरोबर आली, तर फरक खरा मानायला हरकत नाही. नुसत्या अंदाजानं तेवढी जमण्याची शक्यता शंभरात चारच्या आसपास. परीक्षेला ख्यालाची सुरुवात घ्यावी. मिरजेचा तंबोरा नीट जुळलेला असेल तर जवारीतून वरचे सूर एकावर एक उमलतात. ते वेगवेगळे ऐकू आले, तबल्याच्या चाटेचा ठोका कोरा आला आणि गाणाऱ्याचा श्वास कळला, की यंत्र पास.

पैसे आधी कुठे घालावेत?

क्रम असा ठेवावा: आधी स्पीकर, मग खोली, मग ॲम्प्लिफायर आणि शेवटी डॅक. स्लॅबचं छत, गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या खोलीत आवाज घुमतो. जाड सतरंजी, पडदे, पुस्तकांचं कपाट, पलंगावरच्या गोधड्या यांनी जो फरक पडतो, तो आंधळ्या परीक्षेशिवायही कळतो. एवढं सगळं करून पैसे उरत असतील आणि सुंदर घडवलेल्या वस्तूचा आनंद हवा असेल, तर लाखाचा डॅक जरूर घ्यावा. फक्त आपण आनंद विकत घेतो आहोत, जास्तीचा सूर नव्हे, हे मनाशी स्वच्छ असावं.

एका यंत्राबद्दल मात्र थांबू नये. ते डॅकच्या उलट काम करतं. लहरीचे आकडे बनवतं. त्याला एडीसी म्हणतात, आणि पाच-दहा हजारांत चांगला मिळतो. आपल्या किती घरांत जुन्या कॅसेटी पडून आहेत! आजीच्या जात्यावरच्या ओव्या, गावच्या भजनी मंडळाची काकड आरती, वडिलांचा आवाज. कॅसेटच्या फितीला बुरशी लागते, लेप सुटतो, आणि ती वाजवणारे टेपरेकॉर्डरही आता दुरुस्त होईनासे झाले आहेत. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटनं पुसावं, २४ बिटांवर मुद्रण करावं, आवाजाची पातळी लाल खुणेच्या बरीच खाली ठेवावी, फाईल दाबून लहान करू नये आणि प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. मूळ कॅसेट फेकू नये.

डॅक पुढच्या वर्षी घेतला तरी चालेल. तो आणखी स्वस्त आणि आणखी चांगला झालेला असेल. आजीची कॅसेट पुढच्या वर्षी वाजेलच, याची खात्री नाही. निवृत्तीच्या पैशातले पहिले पाच हजार कुठे घालायचे, हे त्यावरून ठरवावं.