फ्रेडी मर्क्युरीची राख कुठे आहे?

२४ नोव्हेंबर १९९१, रविवार. लंडनच्या केन्सिंग्टन भागातल्या 'गार्डन लॉज' या बंगल्यात संध्याकाळी फ्रेडी मर्क्युरी वारला. 'क्वीन' या जगप्रसिद्ध रॉक बँडचा हा गायक तेव्हा अवघ्या ४५ वर्षांचा होता. आपल्याला एड्स झाला आहे, हे त्याने आदल्याच दिवशी निवेदन काढून जगाला सांगितले होते. तीन दिवसांनी अंत्यसंस्कार झाले. पुढे त्याची राख कुठे गेली, हे त्याची मैत्रीण मेरी ऑस्टिन या एकाच व्यक्तीला ठाऊक आहे आणि त्यांनी ते कुणालाही सांगितलेले नाही.

आपल्याकडे माणूस गेला की त्याची जागा राहते. बुलढाणा जिल्ह्यात तर ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही. शेगावात गजानन महाराजांच्या समाधीपुढे लाखो लोक रांगा लावतात. मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमात, शुकदास महाराजांनी उभ्या केलेल्या विवेकानंद आश्रमात, विवेकानंद जन्मोत्सवाला शेतात पंगती बसतात आणि पुरी-भाजीचा महाप्रसाद होतो. ज्यांच्या नावाने ही पंगत बसते, ते स्वामी विवेकानंदही ३९व्या वर्षी, ४ जुलै १९०२ रोजी गेले. तेही पट्टीचे गायक होते आणि पखवाज वाजवीत. बेलूर मठात गंगेच्या काठी जिथे त्यांचा देह अग्नीला दिला, तिथे आज मंदिर आहे. लोक तिथे जातात, डोके टेकतात. फ्रेडीच्या चाहत्यांना डोके टेकायला अशी एकही जागा नाही. या गायकाच्या मृत्यूभोवतीचे हे सर्वांत मोठे गूढ. ते आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही, कारण हा मुलगा वाढला सातारा जिल्ह्यात, पाचगणीला.

पाचगणीचा फारोख

त्याचे खरे नाव फारोख बुलसारा. जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांझिबारच्या स्टोन टाऊनमधला. आईवडील, जेर आणि बोमी, गुजरातेतून तिकडे गेलेले पारशी. बुलसारा हे आडनाव बुलसार, म्हणजे आजच्या वलसाडवरून आलेले. वडील ब्रिटिश सरकारी कचेरीत रोखपाल होते. मुलाला चांगले शिक्षण मिळावे म्हणून त्यांनी त्याला वयाच्या आठव्या वर्षी बोटीने भारतात धाडले आणि पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात घातले.

टेबललँडचे पठार, धुके, सिल्व्हर ओकची झाडे आणि घरापासून समुद्रापार. आठ वर्षांच्या पोराला हे सोपे गेले नसणार. वरच्या जबड्यात चार दात जास्तीचे, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले. मुले त्याला 'बकी' म्हणून चिडवीत. पण तो टेबल टेनिस झकास खेळे, बॉक्सिंगमध्ये उतरे, शाळेच्या नाटकांत काम करी, गायनवृंदात गाई आणि पियानो शिके. फारोखचा 'फ्रेडी' झाला तो इथेच. बाराव्या वर्षाच्या आसपास त्याने चार मित्रांसह 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला. त्या काळच्या रेकॉर्ड ऐकून एल्व्हिस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची गाणी ही पोरे बसवत आणि शाळेच्या कार्यक्रमांत वाजवत. मुख्य गायक होता ब्रूस मरे. ज्याच्या आवाजाने पुढे स्टेडियमे भरली, तो फ्रेडी तेव्हा मागे पियानोवर बसे. बाकीच्या तिघांपैकी डेरिक ब्रांच पुढे इंग्लंडमध्ये अभिनेता झाला, व्हिक्टरी राणा नेपाळच्या सैन्यात जनरल झाला आणि फारंग इराणीने पुण्याच्या खवय्यांना सिझलर खाऊ घातले.

१९६२-६३ च्या सुमारास फ्रेडी झांझिबारला परतला. जानेवारी १९६४ मध्ये तिथे रक्तरंजित क्रांती झाली आणि बुलसारा कुटुंब जीव मुठीत धरून इंग्लंडला गेले. पुढे मुलाखतींमध्ये फ्रेडी पाचगणीबद्दल फारच थोडे बोलला. आपल्या आयुष्यातले खासगी कप्पे बंद ठेवायचे, ही त्याची जुनीच रीत होती. मृत्यूनंतरची गुपिते समजून घेताना ही रीत ध्यानात ठेवायला हवी.

क्वीनचा आवाज

ईलिंगच्या कला महाविद्यालयातून त्याने ग्राफिक डिझाइनची पदविका घेतली. हीथ्रो विमानतळावर सामान हलवण्याचे काम केले, केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुने कपडे विकले. १९७० मध्ये ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांच्यासोबत क्वीन उभा राहिला, १९७१ मध्ये जॉन डिकन आला. बँडचे बोधचिन्हही फ्रेडीनेच काढले. त्यात दोन सिंह, एक खेकडा आणि दोन पऱ्या आहेत, म्हणजे चौघांच्या राशी. कन्येच्या पऱ्या त्याच्या स्वतःच्या.

१९७५ चे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे जवळपास सहा मिनिटांचे गाणे रेडिओवर चालणार नाही, असे जाणकार सांगत होते. ते ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले आणि त्याच्या मृत्यूनंतर पुन्हा पहिले आले. त्या गाण्याचा अर्थ काय, हे त्याने कधीच फोडून सांगितले नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये सदबीजने गार्डन लॉजमधल्या वस्तूंचा लिलाव केला, तेव्हा या गाण्याचा हस्तलिखित कच्चा खर्डा प्रथमच लोकांसमोर आला. एका विमान कंपनीच्या कागदांवर खरडलेल्या ओळी, जागोजागी खाडाखोड, आणि वर शीर्षक 'मंगोलियन ऱ्हॅप्सडी'. 'मंगोलियन' खोडून वर 'बोहेमियन' लिहिलेले. इतकी वर्षे गाजलेल्या गाण्याचे पहिले नाव जगाला तो गेल्यावर ३२ वर्षांनी कळले.

शेवटची चार वर्षे

मृत्यूच्या कारणाबद्दल मात्र संशयाला जागा नाही. मृत्यूच्या दाखल्यावर ब्राँकोन्यूमोनिया आणि त्यामागे एड्स असे स्पष्ट लिहिले आहे. एचआयव्ही विषाणू शरीराची प्रतिकारशक्ती पोखरतो. एरवी शरीर परतवून लावील असा संसर्ग मग जिवावर बेततो. खून, विषप्रयोग, बनावट मृत्यू अशा कथा रॉक संगीताच्या जगात उदंड पिकतात. 'द डोअर्स'चा जिम मॉरिसन ३ जुलै १९७१ रोजी पॅरिसमध्ये २७व्या वर्षी गेला. त्याचे शवविच्छेदनच झाले नाही, म्हणून तर्कांना आजही खंड नाही. फ्रेडीच्या बाबतीत असे काही नाही.

प्रश्न आहेत ते वेळेचे. लागण कधी झाली? विषाणू शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत आठ-दहा वर्षेही जातात, त्यामुळे याचे नेमके उत्तर मिळणे नाही. त्याचा सहचर जिम हटन याने आठवणींत लिहिले की, निदान एप्रिल १९८७ मध्ये झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये एझेडटी या पहिल्या एचआयव्हीविरोधी औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली होती. एकट्या औषधाचा प्रभाव फार काळ टिकत नसे. तीन औषधे एकत्र देऊन विषाणूला दाबून ठेवणारा उपचार रूढ झाला तो १९९६ मध्ये. फ्रेडी पाच वर्षे आधी गेला.

या काळात वर्तमानपत्रांचे छायाचित्रकार त्याच्या दाराशी ठाण मांडून असत. गाल बसलेले, कपडे लोंबणारे. तरी तो आणि बँडमधले सारे 'आजार नाही' हेच सांगत राहिले. १८ फेब्रुवारी १९९० ला ब्रिट पुरस्कारांच्या मंचावर तो शेवटचा लोकांसमोर आला. ३० मे १९९१ ला त्याने शेवटचे चित्रीकरण केले. चेहऱ्यावर मेकअपचा जाड थर होता, प्रकृती झाकावी म्हणून चित्रफीत कृष्णधवल ठेवली.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधल्या माँत्रो गावी, जिनिव्हा सरोवराच्या काठच्या माउंटन स्टुडिओत 'मदर लव्ह' हे गाणे ध्वनिमुद्रित होत होते. ब्रायन मेने सांगितले आहे की, शब्द तयार नसायचे. तो कागदावर एकेक ओळ लिहून देई आणि फ्रेडी ती लगेच माइकसमोर गाई. साथीला फक्त तालयंत्र. बाकीची वाद्ये तुम्ही मागाहून भरा, मला शब्द देत राहा, असे त्याचे म्हणणे. पायांत उभे राहण्याची ताकद नाही, पण वरचा सूर लावायचा तर पूर्ण ताकदीनेच. शेवटचे कडवे राहिले. थोडी विश्रांती घेऊन पुन्हा येतो म्हणाला आणि आला नाही. ते कडवे पुढे ब्रायन मेने गायले आणि गाणे १९९५ च्या 'मेड इन हेवन' या अल्बममध्ये आले.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला त्याने वेदनाशामके सोडून बाकीची औषधे थांबवली. २३ तारखेचे निवेदन निघाले आणि जेमतेम एका दिवसात सारे संपले. त्याने आधी का सांगितले नाही, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. त्या काळी एड्स म्हणजे पापाची शिक्षा, असे ब्रिटनमधले काही लोक उघड बोलत. समलिंगी म्हणून होणारी हेटाळणी, आईवडिलांची परंपरानिष्ठ पारशी घडण, सोबत्यांवर येणारी नजर, हे सगळे त्याच्यापुढे होते. त्याची भीती मला समजते. तो आधी बोलला असता तर अनेक रुग्णांना धीर आला असता, हेही तितकेच खरे.

राखेचे गुपित

२७ नोव्हेंबरला केन्सल ग्रीनच्या वेस्ट लंडन दाहगृहात पारशी धर्मगुरूंनी अवेस्तातल्या प्रार्थना म्हटल्या. मोजकी माणसे हजर होती. पारशी धर्मात अग्नी पवित्र, म्हणून परंपरेने देह अग्नीला देत नाहीत. मुंबईत त्यांच्यासाठी डुंगरवाडी आहे, तिथे देह दख्म्यात, म्हणजे उघड्या मनोऱ्यात, ठेवतात. लंडनमध्ये दख्मा नाही, त्यामुळे तिथल्या पारशांना दफन किंवा दहन यांतूनच निवड करावी लागते.

राख मेरी ऑस्टिन यांच्याकडे आली. तारुण्यात दोघे प्रेमात होते, पुढे नाते बदलले, पण आपल्या सर्वांत जवळची मैत्रीण असे फ्रेडी त्यांनाच म्हणे. बंगलाही त्याने त्यांच्याच नावे केला. मेरी यांनी २०१३ मध्ये सांगितले की, दोन वर्षे त्यांनी तो कलश आपल्या खोलीत ठेवला. मग एके दिवशी घरातल्या कुणालाही चाहूल लागू न देता बाहेर पडल्या आणि त्याच्या इच्छेप्रमाणे राख एका ठिकाणी ठेवली. फ्रेडीच्या आईवडिलांनाही ती जागा सांगितली नाही. वडील २००३ मध्ये गेले, आई २०१६ मध्ये, ९४व्या वर्षी.

इतके कडक गुपित का? इतर प्रसिद्ध माणसांसारखे आपल्याला कुणी उकरून काढू नये, अशी त्याची इच्छा होती, असे मेरी सांगतात. ही भीती हवेतली नव्हती. चार्ली चॅप्लिन डिसेंबर १९७७ मध्ये गेला. मार्च १९७८ मध्ये चोरट्यांनी त्याची शवपेटी कबरीतून उकरून पळवली आणि कुटुंबाकडे खंडणी मागितली. दोन-अडीच महिन्यांनी ती एका मक्याच्या शेतात पुरलेली सापडली. हे घडले व्हेव्हे गावाशेजारी, माँत्रोपासून काही किलोमीटरवर. आणि पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, क्वीनने माँत्रोचा स्टुडिओ विकत घेतला. पॅरिसमध्ये मॉरिसनच्या कबरीवरचा अर्धपुतळा १९८८ मध्ये चोरीला गेला, तो २०२५ मध्ये पोलिसांना मिळाला.

तर्क मात्र थांबत नाहीत. कुणी म्हणते राख जिनिव्हा सरोवरात सोडली, कुणी म्हणते झांझिबारला नेली, कुणी म्हणते गार्डन लॉजच्या बागेतल्या चेरीच्या झाडाखाली आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये केन्सल ग्रीन दफनभूमीत एक छोटी पाटी दिसली. फारोख बुलसारा हे नाव, जन्म-मृत्यूच्या तारखा, सदैव तुझ्याजवळ राहण्यासाठी अशा अर्थाची फ्रेंच ओळ आणि खाली 'एम' हे एक अक्षर. बातमी पसरली आणि थोड्याच दिवसांत पाटी तिथून नाहीशी झाली.

२०२५ मध्ये चरित्रकार लेस्ली-ॲन जोन्स यांच्या पुस्तकाने आणखी एक दावा केला: फ्रेडीला एक मुलगी होती आणि तिच्यासाठी त्याने वह्या लिहून ठेवल्या. मूल किंवा अशा वह्या असल्याचे आपल्याला ठाऊक नाही, असे मेरी यांनी सांगितले. दावा दाव्याच्या जागी आहे. खात्रीचा पुरावा समोर येईपर्यंत त्याला इतिहास म्हणता येणार नाही.

कोणते मौन पाळायचे, कोणते मोडायचे

अकाली गेलेले गायक महाराष्ट्राला नवे नाहीत. केशवराव भोसले ३१व्या वर्षी गेले, द. वि. पलुस्कर ३४व्या, मास्टर दीनानाथ ४१व्या. त्यांच्या जाण्याची हळहळ आजही घराघरात आहे. फ्रेडीबद्दल तशीच हळहळ बाळगणाऱ्याला राखेचा पत्ता हवासा वाटणे स्वाभाविक आहे. तरी माझे मत स्पष्ट आहे. तो पत्ता न शोधलेलाच बरा. मरणाऱ्या माणसाने एका मैत्रिणीकडून शब्द घेतला आणि तिने तीस वर्षांहून अधिक काळ तो पाळला. माँत्रोच्या सरोवरकाठी १९९६ पासून त्याचा पुतळा उभा आहे, फुले वाहायला तेवढी जागा पुरे.

मोडायचे मौन दुसरे आहे. भारतात एचआयव्हीचे पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नईत सापडले. आज या आजारावर उपचार आहेत, पण लोक काय म्हणतील या धास्तीने चाचणी टाळणारे शहरात आहेत, खेड्यातही आहेत. गाव लहान असले की दवाखान्याची पायरी चढतानाच माणूस चारदा मागे वळून पाहतो. फ्रेडीकडे पैसा होता, लंडनचे डॉक्टर होते, विषाणूला दाबून ठेवणारे औषध मात्र नव्हते. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून सरकार ही औषधे मोफत देते. लवकर निदान झाले आणि गोळ्या रोज, न चुकता घेतल्या, तर माणूस जवळपास सर्वसाधारण आयुष्य जगतो. विषाणू पूर्ण दबलेला असेल तर लैंगिक संबंधांतून जोडीदाराला लागणही होत नाही. २०१७ च्या कायद्याने अशा रुग्णाशी नोकरीत, शाळेत, दवाखान्यात भेदभाव करायला मनाई केली आहे आणि त्याची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे.

फ्रेडीच्या मित्रांनी १९९२ मध्ये त्याच्या नावाने 'मर्क्युरी फीनिक्स ट्रस्ट' काढला, तो एड्सविरोधी कामासाठीच. त्याची पुण्यतिथी २४ नोव्हेंबरला येते आणि आठवड्याने, १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिन. ज्यांच्या मनात शंका आहे त्यांनी त्या आठवड्यात जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या समुपदेशन व चाचणी केंद्रात जावे. चाचणी मोफत होते, नाव बाहेर जात नाही, आणि १०९७ या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते.