कळसूबाई: पावसाळ्यात नको, ऑक्टोबरमध्ये जा

कळसूबाईला गर्दी लोटते ती पावसाळ्यात. माथ्यावर मात्र तेव्हा ढगाशिवाय काही दिसत नाही. १६४६ मीटरवर, महाराष्ट्राच्या सर्वोच्च टोकावर जायचं आणि पाच फुटांपलीकडचं दिसायचं नाही, याला काय अर्थ आहे? पाऊस सरला, हवा धुऊन निघाली की जावं.

वाट सोपी, मळलेली. घोटी-भंडारदरा रस्त्यावरच्या बारी गावातून निघायचं. चढ पूर्वेच्या अंगाने असल्यामुळे सकाळचं ऊन पाठीवर येतं, म्हणून उजाडतानाच पाय उचला. उभ्या कातळावर लोखंडी शिड्या आहेत, भीतीचं कारण नाही. रविवारी खोळंबा तेवढा होतो. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर लागते. एवढ्या उंचीवर पाणी!

माथ्यावर कळसूबाईचं शेंदरी रंगाचं छोटं देऊळ आहे. नवरात्रात इथे जत्रा भरते, आणि आसपासच्या गावच्या आयाबाया आपल्यासारखे महागडे बूट न घालता सहज चढून येतात.

आता नजारा. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे राकट त्रिकूट. दक्षिणेला भंडारदऱ्याचं पाणी चमकतं. प्रवरेवरचं हे विल्सन धरण १९२६ सालचं. त्यामागे रतनगड, प्रवरा उगम पावते तो. आणखी दूर हरिश्चंद्रगड. हवा खरोखर स्वच्छ असेल तर उत्तरेला सप्तशृंगी आणि धोडपही ओळखता येतात. दुर्बीण आणि नकाशा सोबत घ्या, तासभर निवांत बसा.

उतरताना बारीत पिठलं-भाकरी मिळते. जाताना सांगून ठेवलेलं बरं.