काकाजींची ८० जीबीची डिस्क आणि आठचा घोळ

आकड्यांचा भाग नुसता ऐकला की अर्धे आकडे कानातून निसटतात, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कळवलं होतं. म्हणून हा भाग लिहूनच देतोय.

दिवाळीला भिवापूरला घरी गेलो होतो. आमच्या काकाजींचा पूर्वी फोटो स्टुडिओ होता. तो बंद झाला, पण त्याचा जुना कॉम्प्युटर मागच्या खोलीत पडून होता. त्यातल्या ८० जीबीच्या डिस्कवर गावातल्या कितीतरी लग्नांचे फोटो. आणि आमच्या आजीचे मोजून चार, त्यात एक अंगणात मिरचीचे देठ खुडत बसलेली. या चार फोटोंची दुसरी कॉपी कुठंच नव्हती.

कॉम्प्युटर चालू झाला. पण डिस्कमधून मधूनमधून टक-टक आवाज येत होता. हा आवाज ज्यानं ऐकलाय त्याला माहीत आहे, अशी डिस्क किती वेळ साथ देईल याचा भरवसा नसतो.

चुलतभावानं मागच्या यूएसबी पोर्टला नवी हार्ड डिस्क लावली आणि फोनवर हिशोब केला. विंडोज सांगत होतं ५५.९ जीबी भरलंय. पोर्ट जुना, यूएसबी १.१, वेग १२ एमबीपीएस. "दादा, दीड तासाच्या आत होऊन जाते."

मी म्हटलं, थांब बे.

त्याच्या हिशोबात दोन चुका होत्या. छोटी आधी सांगतो. विंडोज जीबी लिहितं, पण मोजतं १०२४ च्या पटीत. त्याचा एक जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. म्हणून तर ८० जीबीची नवी डिस्क विंडोजमध्ये ७४.५ जीबी दिसते आणि दुकानदारानं फसवलं असं वाटतं. या १०२४ वाल्या मापाला १९९८ मध्ये गिबीबाइट असं वेगळं नाव मिळालं, पण विंडोज अजून जीबीच लिहितं. केबल आणि पोर्टचे वेग मात्र दशमान मापात असतात: मेगा म्हणजे सरळ दहा लाख, गिगा म्हणजे शंभर कोटी. तेव्हा आधी दोन्ही एका मापात आणायचं. ५५.९ गुणिले १.०७४, म्हणजे साधारण ६० जीबी, म्हणजेच ६०,००० मेगाबाइट. फरक फक्त सात टक्क्यांचा.

मोठी चूक आठपटीची. १२ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२ मेगाबिट. मेगाबाइट नाही! १२ भागिले ८, म्हणजे दीड मेगाबाइट. ६०,००० भागिले १.५ म्हणजे ४०,००० सेकंद. अकरा तासांच्या वर, तेही कागदावर. प्रत्यक्षात असा पोर्ट सेकंदाला एक मेगाबाइटच्या आसपास देतो, म्हणजे साडेसोळा तास. टक-टक करणारी डिस्क साडेसोळा तास चालू ठेवायची, आणि मधे लाइट गेली तर?

भाऊ म्हणाला, "पण डिस्कच्या केबलचा वेग तर एटीए/१०० आहे. मग तेही शंभर भागिले आठ काय?" प्रश्न बरोबर होता. उत्तर आहे, नाही. तो आकडा आधीच मेगाबाइटमध्ये आहे.

असं का, ते वायरीत बघा. त्या चपट्या, रुंद आयडीई केबलमध्ये डेटाच्या १६ वायरी शेजारी-शेजारी असतात. एका झटक्यात १६ बिट, म्हणजे दोन बाइट जातात. सेकंदाला पाच कोटी झटके गुणिले दोन बाइट, झाले १०० मेगाबाइट. सर्व्हरमधल्या जुन्या स्कझीचंही तसंच, अल्ट्रा ३२० म्हणजे ३२० मेगाबाइट. यूएसबी आणि साटामध्ये मात्र बिट एकामागे एक रांगेत जातात, म्हणून त्यांचे आकडे बिटमध्ये. (तुमच्या वायफायचंही हेच. १०० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट.)

आता साटा. इथं मीसुद्धा कॉलेजात फसलो होतो. पहिल्या साटाचा वेग १.५ गिगाबिट. आठनं भागलं तर १८७.५ मेगाबाइट येतात, पण खरं उत्तर १५०. कारण प्रत्येक ८ बिट वायरीवरून १० बिट बनून जातात. सारखे शून्य-शून्य-शून्य गेले तर पलीकडची चिप ताल चुकते, म्हणून मधे बदल राहील असा हा कोड. तेव्हा इथं दहानं भागायचं: ३ गिगाबिटचे ३००, ६ गिगाबिटचे ६०० मेगाबाइट. यूएसबी ३.० च्या ५ गिगाबिटलाही तोच नियम, ५००. पुढच्या १० गिगाबिटच्या यूएसबीत १२८ बिटांमागे चारच बिट जास्तीचे, तिथं १,२०० च्या थोडं वर येतात.

हे सगळे आकडे रस्त्याच्या रुंदीचे आहेत, गाडीचे नाहीत. एटीए/१०० लिहिलं म्हणून जुनी डिस्क शंभरनं धावत नाही.

आम्ही ते कॉपी करणं सुरूच केलं नाही. कॉम्प्युटर बंद केला, डिस्क बाहेर काढली. दुसऱ्या दिवशी मी उमरेडमार्गे नागपूरला जाऊन सीताबर्डीवरून आयडीई ते यूएसबी २.० चं अडॅप्टर आणलं. ४८० मेगाबिट, आठनं भागून ६० मेगाबाइट. मी हिशोबात २५ धरले. चाळीस मिनिटं. डिस्क लॅपटॉपला लावली आणि सगळ्यात आधी आजीचं फोल्डर ओढलं.

एकूण पन्नास मिनिटं लागली. शेवटी एका लग्नाच्या फोल्डरवर डिस्क अडकली, त्यातले अकरा फोटो आलेच नाहीत. काकाजी म्हणाले, त्या नवरदेवाकडे अल्बम आहे, मी विचारतो त्याला.