ओतीव खूण आणि ठोकलेला अंक

जुन्या ताम्रपटावर शक कोरलेला असला, तरी इतिहाससंशोधक तेवढ्यावर विसंबत नाहीं. अक्षरांचें वळणही तो पारखून घेतो. जुन्या मोटारसायकलीच्या इंजिनाची परीक्षाही अशाच रीतीनें करावी लागते. त्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या कवचावर दोन जातींच्या खुणा आढळतात. एक, पोलादी ठशानें मागाहून ठोकलेली. ती धातूंत रुतलेली असते. दुसरी कवचाबरोबरच जन्मास आलेली. नमुन्यावरील उठावाचीं अक्षरें साच्यांत खळगा पाडतात आणि रस थिजला म्हणजे तींच कवचावर उठून दिसतात. ठोकलेला अंक घांसून तेथें दुसरा ठोकतां येतो. ओतीव खूण बदलणें तितकें सोपें नाहीं.

या भेदाचें महत्त्व अमेरिकेंतील हार्ले-डेव्हिडसन कारखान्याच्या 'डब्ल्यूएलए' या लष्करी गाडीवरून चांगलें कळून येतें. दुसऱ्या महायुद्धांत अशा ९०,००० हून अधिक गाड्या तयार झाल्या. डाव्या कवचावरील क्रमांकाच्या आरंभींचे दोन अंक एरव्हीं वर्ष दाखवीत. परंतु १९४२ नंतरच्या युद्धकाळांतही या गाड्यांवर '४२' हाच आंकडा ठोकला गेला. सांगाड्यावर क्रमांक नसे, आणि दुरुस्तींत इंजिनें एका सांगाड्यांतून दुसऱ्यांत गेलीं. त्यामुळें गाडीचा काळ अदमासानें ठरवितांना ओतीव खुणांचा आधार घ्यावा लागतो.

मात्र ही खूण कवच ओतल्याचा काळ सांगते, गाडी जुळविल्याचा नव्हे. कवच ओतण्यापूर्वीं इंजिन तयार होणें शक्य नाहीं. तें कोठारांत पडून राहून पुढें वापरलें जाणें शक्य आहे. म्हणून '४२' क्रमांकाच्या इंजिनावर १९४४ ची ओतीव खूण निघाली, तर तेवढ्यावरून लबाडीचा आरोप करूं नये. कवचाचे दोन्हीं अर्धे भाग मात्र जोडीनें कातले जात व खालच्या अंगास दोहोंवर एकच अंक ठोकला जाई. ते अंक जुळले नाहींत, तर एक भाग दुसऱ्या इंजिनाचा आहे असें समजावें.

खरेदीदारानें पैसे मोजण्यापूर्वीं रॉकेल व मऊ कुंचल्यानें काजळी काढावी, खुणेवर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवावी आणि उमटलेला ठसा जपून ठेवावा. कानस किंवा वाळूचा झोत वापरून कवच चकचकीत करण्याचा मोह मात्र टाळावा. त्यांत गाडीच्या वयाचा हा पुरावाच झिजून जातो.