दोन परीक्षांमधला ओलावा

माझी पहिली सर्टिफिकेशन परीक्षा २०१०च्या डिसेंबरातली, सिस्कोची, नेटवर्किंगची सीसीएनए. आज मागे वळून बघताना या पंधरा वर्षांत किती परीक्षा दिल्या हे मोजायला वेळ लागत नाही. त्या परीक्षांच्या मधल्या दिवसांत मी काय केलं, हे आठवायला मात्र बसावं लागतं. आणि खरा फरक त्या मधल्या दिवसांनीच पाडला, हे आता कळतं.

आमचं घर रायपूरच्या समता कॉलनीत, अग्रसेन चौकापासून चालत पोचण्याच्या अंतरावर. शेजारच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ, आणि जी. ई. रोडला लागलं की एनआयटी. १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. त्यामुळे आमच्यासारख्या मराठी घरांना नागपूरची गाडी कधी परगावची वाटली नाही. परीक्षेलाही मी नागपूरलाच जायचो, कारण तिथे मावशी होती. आदल्या दिवशी सकाळी निघायचं, जवळजवळ तीनशे किलोमीटरचा प्रवास करायचा, मावशीकडे जेवून लवकर झोपायचं, सकाळी पेपर द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी परत यायचं. अभ्यास तीन महिन्यांचा होता. रोज पहाटे दोन तास आणि रविवारी जुन्या दोन राउटरवर लॅब. सबनेटिंग रफ कागदांवर करून करून हातात बसलं होतं. पास झालो. घरी आल्यावर आईने पुरणपोळी केली आणि पंधरा दिवस मी पुस्तकाला हात लावला नाही. ही विश्रांती मी ठरवून घेतली नव्हती, ती आपोआप झाली. म्हणूनच तिची किंमत तेव्हा कळली नाही.

पुढच्या वर्षी त्याच्या वरच्या पातळीचं सीसीएनपी हाती घेतलं. त्या वेळी त्यात राऊट, स्विच आणि टीशूट असे तीन पेपर असत. ‘लगे हाथ उरकून टाक’ हा सल्ला सगळ्यांचाच. राऊटमध्ये नापास झालो. सिस्कोचा नियम असा की नापास झाल्यावर पाच दिवस थांबून पुन्हा बसता येतं. मी त्या पाच दिवसांनाच अभ्यासाचं वेळापत्रक समजलो. सहाव्या-सातव्या दिवशी पुन्हा बसलो आणि पुन्हा नापास झालो. दोन वेळची फी गेली, आणि बाबांना कसं सांगायचं या विचारात परतीच्या गाडीत डोंगरगडपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो. पाच दिवस ही परीक्षा घेणाऱ्यांनी घातलेली किमान मर्यादा होती. मन तयार व्हायला किती दिवस लागतात, याच्याशी तिचा काही संबंध नव्हता. त्यानंतर चार महिने घेतले. राऊट निघालं, मग पुन्हा तसंच अंतर ठेवत स्विच आणि टीशूट. २०१२ संपता संपता सीसीएनपी पूर्ण झालं.

या प्रमाणपत्रांना मुदत असते, तीन वर्षांची. वरच्या पातळीचा एखादा पेपर पुन्हा दिला की खालचीही सगळी नवी होतात. मी तीन वर्षं काहीच केलं नाही आणि २०१५च्या नोव्हेंबरात, मुदत संपायला थोडे दिवस उरले असताना, वीस दिवसांत घोकंपट्टी केली. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागून पास झालो. प्रमाणपत्र वाचलं. चार महिन्यांनी ऑफिसात एका नव्या मुलाने बीजीपी हा राउटिंग प्रोटोकॉल मार्ग कसा निवडतो, कोणता निकष आधी बघतो, असं विचारलं, तेव्हा मला तिसऱ्या निकषापुढे जाता येईना. त्या मुलापुढे वाटलेली शरम नापास झाल्याच्या शरमेपेक्षा मोठी होती.

त्याच सुमारास हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाबद्दल वाचलं. त्याने अर्थहीन अक्षरांच्या माळा स्वतःच पाठ करून विसरणं मोजलं आणि १८८५ साली ते प्रसिद्ध केलं. पाठ केलेलं पहिल्या काही तासांतच सर्वांत झपाट्याने जातं, मग वेग मंदावतो, हे त्याने दाखवलं. मला मात्र त्याचा दुसरा निष्कर्ष जास्त लागला. जी माळ पक्की व्हायला एका दिवसात ६८ उजळण्या लागल्या, तशीच माळ तीन दिवसांत विभागून केल्यावर ३८ उजळण्यांत पक्की झाली. उजळण्या जवळजवळ निम्म्यावर आल्या त्या केवळ मध्ये अंतर ठेवल्यामुळे. मला हे पटलं. पण पटणं आणि अंगी लागणं यांत मी आणखी सहा वर्षं घालवली.

२०२० साल आलं. टाळेबंदीत परीक्षा केंद्रं बंद झाली आणि परीक्षा घरून देता येऊ लागल्या. टेबल रिकामं करायचं, खोलीचे फोटो पाठवायचे, कॅमेऱ्यासमोर बसायचं, कोणी आत यायचं नाही, ओठ हलवून प्रश्नही वाचायचा नाही. माझ्या पेपरच्या वेळी आई कुकरसुद्धा लावत नसे. जून २०२० ते एप्रिल २०२१ या काळात मी चार परीक्षा दिल्या: ॲमेझॉनची सोल्यूशन्स आर्किटेक्ट, मायक्रोसॉफ्टची ॲझ्युअर ॲडमिनिस्ट्रेटर, सिस्कोची एन्कोर आणि कुबरनेटिसची सीकेए. चारही पास. एका पेपरचा निकाल सकाळी आला की संध्याकाळी पुढच्याची तारीख घ्यायची, असं चालू होतं. नागपूरची गाडी नव्हती, मावशीचं घर नव्हतं, जाताना-येतानाचे दोन दिवस नव्हते. परीक्षेला जी कड असायची, ती गेली. जेवणाचं टेबल, ऑफिस, वर्ग आणि परीक्षा केंद्र सगळं एकाच खोलीत आलं आणि कुठलंच काम संपेना.

एप्रिल २०२१मध्ये रायपूरवर कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा घाला आला. गल्लीतून रुग्णवाहिका जात असत आणि मी कानाला हेडफोन लावून व्हिडिओ बघत असे. ते आठवलं की अजून जीव कासावीस होतो. त्यानंतर झोप उडाली. एकच पान तीनदा वाचायचो. मुलीने दोनदा हाक मारल्याशिवाय ऐकू येत नसे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटची व्याख्या करताना तीन खुणा सांगितल्या होत्या: शक्ती संपणं, कामापासून मन दूर जाणं आणि कामाची गुणवत्ता ढासळणं. पहिल्या दोन मी अंगावर काढल्या. तिसरी ऑगस्टमध्ये समोर आली.

रात्री अकराला एका स्विचवर नवी व्हीलॅन, म्हणजे आभासी नेटवर्क, जोडायची होती. स्विचना जोडणाऱ्या ट्रंकवर परवानगी असलेल्या व्हीलॅनच्या यादीत भर घालताना आज्ञेत ‘ॲड’ हा शब्द लिहावा लागतो. तो राहिला तर नवी व्हीलॅन जुन्यांत जोडली जात नाही. जुनी यादी पुसली जाऊन तेवढी एकच उरते. माझा तो शब्द राहिला. एका शाखेचं सगळं नेटवर्क गेलं. ‘ॲड’चा हा नियम मला २०१२ पासून माहीत होता, स्विचच्या पेपरसाठी शिकलेला होता, आणि माझ्याकडे आता चार नवी प्रमाणपत्रं होती. चूक सुधारायला वीस मिनिटं लागली. त्या रात्री मी अभ्यास थांबवला.

ऑक्टोबरात आरंगकडचे काका वर्षाचा तांदूळ कधी पाठवायचा ते विचारायला आले. माझा चेहरा बघून त्यांनी काय झालं ते विचारलं. मी म्हटलं, सध्या सगळं बंद ठेवलंय, शेत पडीक आहे. ते म्हणाले, पडीक कशाला? आमच्याकडे उतेरा करतात. धान कापणीला दोन-तीन आठवडे असताना, शेतात ओल असतानाच, उभ्या पिकात तिवऱ्याचं बी फोकून देतात. तिवरा म्हणजे आपल्या भंडारा-गोंदियाकडची लाखोळी. नांगरट नाही, वेगळं पाणी नाही. धान निघतं आणि मागे राहिलेल्या ओलाव्यावर तिवरा वर येतो. पण जमीन कन्हार हवी, ओल धरणारी. भाटा जमिनीत हे होत नाही, तिथे पाणी थांबतच नाही.

काका शेतीबद्दल बोलत होते, पण माझे आधीचे सगळे हिशेब त्यात उलगडले. पहिल्या परीक्षेनंतरची विश्रांती चांगली होती, पण तिच्यात पेरणी नव्हती. २०१२ ते २०१५ची तीन वर्षं मी जमीन सुकू दिली. टाळेबंदीत पीक उभं असतानाच पुन्हा नांगर घातला. आणि डम्प, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न, पाठ करून जे पास होतात त्यांची जमीन भाटा. तिथे मागे काही उरतच नाही, मग पुढचं कशावर उगवणार? डम्प वापरणं नियमभंग आहेच, शिवाय ते पुढच्या अभ्यासाची ओलही नेतं.

२०२२ पासून मी हे असं करतो. एका परीक्षेसाठी बारा आठवडे, आठवड्यात पाच दिवस, रोज दीड तास. पेपर झाला की आठवडाभर पूर्ण बंद. मग दोन महिने उतेरा: सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२च्या पुस्तकात सांगितलेल्या पाच कप्प्यांच्या पेटीतली जुनी कार्डं, आठवड्यातून तीनदा, वीस मिनिटं. आठवलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात जातं आणि उशिरा परत येतं. चुकलं तर पहिल्या कप्प्यात. वर्षाला जास्तीत जास्त दोन परीक्षा. आता नियमही थोडे माणसाच्या बाजूने झुकले आहेत. मायक्रोसॉफ्टचं नूतनीकरण दरवर्षी असलं तरी मोफत आहे, घरून करता येतं आणि मुदतीआधी सहा महिन्यांपासून खुलं असतं. सिस्को प्रशिक्षणाचे क्रेडिट धरतं; सीसीएनपी टिकवायला तीन वर्षांत ८० लागतात. ते थोडे थोडे जमवले तर शेवटच्या आठवड्यातली जागरणं टळतात.

कॉलनीतली, एनआयटीत शिकणारी मुलं आता कधीमधी विचारायला येतात. व्हाउचर सवलतीत मिळतंय, महिनाअखेर संपतंय, दोन्ही परीक्षा एकदमच देऊन टाकू का? मी त्यांना आधी झोपेचं विचारतो. मग मागच्या परीक्षेतलं काहीतरी विचारतो. उत्तर लगेच आलं तर म्हणतो, परीक्षेला बस. अडखळलं तर म्हणतो, सवलत जाऊ दे, ओल वाचव.

ट्रंकच्या ‘ॲड’चं कार्ड गेल्या महिन्यात पाचव्या कप्प्यात गेलं. माझी पुढची परीक्षा फेब्रुवारीत आहे. घरून देता येते, तरी नागपूरचं तिकीट काढलं आहे. मावशी आता नाही, तिच्या मुलाकडे उतरेन. जाताना कार्डांची पेटी घरीच ठेवणार आहे, आणि येताना मुलीला बरोबर घेऊन डोंगरगडला एक दिवस उतरणार आहे.